शेजारच्या सीटवरचे मास्तर

नमस्कार मंडळी.

बसा, बसा. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, इथे खुर्च्या रिकाम्या आहेत. आपल्या मंडळाची ही सवयच आहे, पुढची रांग सोडून बसायचं. आज तरी या. नलिनीच्या आजूबाजूला रिकामं दिसायला नको.

मला बोलायचं नव्हतं. अध्यक्षांना मी तसं सांगितलंही होतं. म्हटलं, दुसऱ्या कुणालाही सांगा. ते म्हणाले, "सुमनताई, मास्तरांच्या शेजारी सगळ्यात जास्त तास तुम्हीच बसलात." आता हे मात्र खरं आहे. सगळ्यात मंद विद्यार्थिनी मीच होते.

आज इथे काही नवीन माणसं आहेत, मास्तरांच्या शाळेतले शिक्षकही आलेत, म्हणून नीट सांगते. ऑस्मंड ग्रिफिथ. जन्म बार्बाडोसचा, कॅरिबियन समुद्रातल्या एका छोट्या बेटावरचा. इथल्या हायस्कूलमध्ये गणिताचे शिक्षक. शाळा सुटल्यावर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथल्याच मुलांना गाडी चालवायला शिकवायचे. आपल्या नलिनीचे यजमान. मीरा आणि तारा, या दोघींचे बाबा. आपण त्यांना मास्तर म्हणायचो. त्यांना ते नाव फार आवडायचं.

मीरा, ग्रॅनीला इंग्लिशमधून कानात सांगतेयस ना? मी हळू बोलते, बाळा. दमलीस तर हात कर.

मंडळी, आपण सगळे दुःखात आहोत. पण माझं खरं सांगू? मला दुःखाच्या आधी भीती वाटतेय. गेले काही दिवस मी धड जेवलेले नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना कारण माहीत आहे. कुजबूज चालू आहेच, तर उघडच बोलते.

नलिनीने राहायचं कुठे, हा प्रश्न आहे. तिचे मोठे भाऊ सुरेशदादा शिकागोहून आलेत, हे इथे बसलेत. त्यांचं म्हणणं, घर विका, मुलींना घेऊन माझ्याकडे चला. मास्तरांच्या आई, मुलींच्या ग्रॅनी, ब्रुकलिनहून आल्यात. त्यांचं म्हणणं, माझ्याकडे चला, तिथे दारातच ट्रेन आहे. दोघांचंही प्रेम आहे, दोघांचंही खरं आहे. पण नलिनीला आपलं हे हर्नडन गाव सोडायचं नाही. मुलींची शाळा इथे, तिची हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी इथे, मास्तरांनी स्वतःच्या हाताने रंगवलेलं घर इथे. आणि इथे राहायचं तर गाडी चालवता यायला हवी. इथे दुधाचं कॅन आणायलासुद्धा गाडी लागते, हे मी तुम्हाला काय सांगायचं.

आणि नलिनीला गाडी येत नाही.

हो. मास्तरांनी या हॉलमधल्या निम्म्या बायकांना गाडी शिकवली. हात वर करा बघू. बघा, सुरेशदादा, बघा किती हात आहेत ते. आणि त्यांच्या स्वतःच्या बायकोला येत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा नवीन ऑफिसं नुकती उघडायला लागली होती, बाकी सगळं माळरान. माझे यजमान सकाळी गाडी घेऊन जायचे ते संध्याकाळी उगवायचे. मी खिडकीत. मंडळाच्या गणपतीत पहिल्यांदा नलिनी भेटली. तिच्यासोबत एक उंच, काळेसावळे, भारदस्त गृहस्थ, हातात नारळ धरून, सगळ्यांना वाकून नमस्कार करत होते. आता खोटं कशाला बोलू, तेव्हा कुजबूज झाली होती. हे कोण? हिने हे काय केलं? यांना जेवायला काय वाढायचं? मास्तरांनी आमटी तीनदा मागून घेतली आणि तो प्रश्न तिथेच मिटवला. पुरुषांशी त्यांची दोस्ती क्रिकेटमुळे झाली. बायकांशी झाली ती गाडीमुळे.

मी त्यांना सरळ विचारलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवलं. म्हटलं, "यांना वेळच नसतो हो मला शिकवायला." मास्तर हसले आणि म्हणाले, रविवारी दहा वाजता, शाळेच्या पार्किंगमध्ये. चपला नको, शूज घालून ये.

शाळेच्या शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. पण आम्हा बायकांना ते त्यांच्या स्वतःच्या स्टेशन वॅगनमध्ये शिकवायचे. तिथे तो दुसरा ब्रेक नव्हता. म्हणजे शेजारी बसलेला माणूस पूर्णपणे आपल्या हवाली. मी त्यांना म्हटलं, मास्तर, तुम्हाला भीती नाही वाटत? ते म्हणाले, "सुमन, मीसुद्धा डाव्या बाजूने गाड्या चालणाऱ्या देशात वाढलो. इथे आलो तेव्हा पहिले सहा महिने मी चुकीच्या दारातून गाडीत शिरत होतो. चल, किल्ली फिरव."

त्यांची शिकवायची एक रीत होती. जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. मी इंग्लिशमध्ये बोलायला लागले आणि अडखळले. ते म्हणाले, मराठीत बोल. मी म्हटलं, तुम्हाला कळणार नाही. ते म्हणाले, घाबरलेला माणूस आईच्याच भाषेत बोलतो, मला शब्द नकोत, मला तुझा आवाज कळतो.

मग काय! "लाल गाडी आली. ती बाई वळतेय की नाही वळतेय, अगं वळ की, वळली एकदाची. कुत्रं आलं. कुत्र्याला कुणी धरलंय का? धरलंय. सिग्नल पिवळा झाला. मेले मी!" असं एल्डन स्ट्रीटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझ्यासारख्या किती जणी. त्यामुळे मास्तरांचं मराठी म्हणजे आम्हा घाबरलेल्या बायकांचं मराठी. "अगं बाई", "सांभाळ", "आला आला आला", "मेले मी". माझ्या सासूबाई इथे आल्या होत्या, त्या फुटपाथवरून खाली पाय टाकणार इतक्यात मास्तर ओरडले, "अगं थांब, मेले मी!" सासूबाई जागच्या जागी थांबल्या. परत गेल्यावर साताऱ्यात सगळ्यांना हेच सांगत होत्या.

हसा. हसलात तर बरं वाटतंय मला.

आणि ती चौकातली गोष्ट. चारही बाजूंना स्टॉपच्या पाट्या आहेत तो चौक. जो आधी आला तो आधी जाणार, सोपा नियम. एका हळदीकुंकवाहून आम्ही चौघी निघालो, आपापल्या गाडीतून, चारही वेगवेगळ्या रस्त्यांनी फिरून त्याच चौकात आलो. मी वैद्यवहिनींना हात केला, आधी तुम्ही. त्यांनी मला हात केला, छे, आधी तुम्ही. तिसरी म्हणाली, मोठ्या आधी. चौथीने काच खाली करून सांगितलं, मला काही घाई नाही हो. कुणी हलेना. मागे हॉर्न वाजायला लागले. मास्तर नलिनीला घेऊन मागून येत होते. ते उतरले, चौकाच्या मधोमध उभे राहिले, आणि पोलिसासारखा एकेकीला हात दाखवून बाहेर काढलं. पुढच्या रविवारी सगळ्यांना परत धडा. म्हणाले, "रस्त्यावर मानपान नाही. तुझी पाळी आली की तू जायचं. तू गेली नाहीस तर दुसऱ्याला कळत नाही काय करायचं."

आता तुम्ही म्हणाल, मग नलिनी?

मास्तर तिला शिकवायला बसले होते एकदा. लग्नानंतर लगेच. ती गिअर टाकते तोवर हे "केअरफुल" म्हणाले. ती म्हणाली, मी सांभाळतेच आहे. हे म्हणाले, आवाज चढवू नकोस. ती म्हणाली, चढवला कुणी? गाडी पार्किंगमधून बाहेरही पडली नव्हती आणि दोघं दोन दिशांना चालत घरी गेले. संध्याकाळी मास्तर तिला म्हणाले, "जगातल्या सगळ्यांना शिकवेन. तुला नाही. तुझा मी ड्रायव्हर."

आणि ते तिचे ड्रायव्हर झाले. तिला लॅबमध्ये सोडायचं, आणायचं, रोज. ती सुटायच्या आधीच जाऊन उभे. गाडीत मुलांचे पेपर तपासत बसायचे. मी एकदा नलिनीला म्हटलं, अगं शीक ना, त्यांना केवढा त्रास. ती म्हणाली, "सुमनताई, घरी दोन मुली आहेत, फोन आहे, वह्यांचा ढीग आहे. आम्ही दोघं बोलतो ते त्या गाडीतच. मी शिकले तर बोलायचं कधी?"

त्यानंतर मी तो विषय पुन्हा काढला नाही.

घरात तर ते कसे होते, हे या दोघी मुली सांगतील. त्यांचे केस बघा. आई नागपूरची, बाबा बार्बाडोसचे, केस बाबांचे. आपण सगळ्यांनी नलिनीला सल्ले दिले. खोबरेल तेल लाव, शिकेकाई लाव, बारीक काप. ते केस काही आपल्याला आवरले नाहीत. मास्तर रोज सकाळी दोघींना पुढ्यात बसवून वेण्या घालायचे. त्यांच्या आईने त्यांना त्यांच्या धाकट्या बहिणीच्या केसांवर शिकवलं होतं. हो ना, ग्रॅनी? बघा, मान हलवतायत. एवढा मोठा माणूस, शाळेतली पोरं ज्याला टरकून असायची, तो दातात क्लिपा धरून मुलीच्या डोक्यावर भांग पाडत असायचा. आज त्यांच्या वेण्या ग्रॅनीने घातल्यात. उद्या त्या ब्रुकलिनला गेल्या की कोण घालणार, याचीही मला काळजी आहे. मला सगळ्याचीच काळजी असते.

आता तो दिवस. तो मला सांगितलाच पाहिजे.

सकाळी शाळेत, पहिला तास सुरू व्हायच्या आधी, मास्तर कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून खाली बसले. पोरांना वाटलं, खडू पडला असेल, शोधतायत. मग कळलं. ॲम्ब्युलन्स आली, त्यांना शाळेजवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. शाळेने नलिनीला लॅबमध्ये फोन केला. आणि नलिनी तिथे, हायवेपलीकडच्या तिच्या हॉस्पिटलमध्ये, हातात रिसीव्हर धरून उभी. तिला घेऊन जाणारा माणूस एकच होता, आणि त्याच्यासाठीच तिला जायचं होतं.

टॅक्सीवाले म्हणाले, येईल तेव्हा येईल. मग तिने मला फोन केला.

मी हायवेवर जात नाही. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, तुम्ही मला चिडवता. मी गल्लीबोळातून वळसे घालत जाते. त्या दिवशी गेले. जीव मुठीत धरून गेले. दोन्ही बाजूंना मोठाले ट्रक, आणि मी मोठ्याने बोलत, "ट्रक आला, ट्रक गेला, सुमन, हात घट्ट धर." शेजारची सीट रिकामी. मी कुणाशी बोलत होते ते मलाच ठाऊक.

नलिनी हॉस्पिटलच्या दारात नव्हती. मास्तर रोज जिथे गाडी लावायचे, त्या जागेवर उभी होती. एवढ्या थंडीत, कोट न घालता, लॅबच्या पांढऱ्या झग्यात. पाय आपोआप तिथे गेले असं म्हणाली.

आम्ही पोचलो तोवर ते गेले होते.

नलिनी, तू त्या दिवसापासून एकच वाक्य बोलतेस. मला चालवता आली असती तर. आज सगळ्यांसमोर सांगते, ऐक. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, तू उडत आली असतीस तरी काही होण्यासारखं नव्हतं. ॲम्ब्युलन्समध्येच सगळं संपलं होतं. तू उशीर केला नाहीस. ऐकलंस? सुरेशदादा, तुम्हीही तिला हे सांगत राहा.

अंत्यविधी झाल्यावर चार-पाच दिवसांनी ती माझ्याकडे आली. चालत आली. म्हणाली, "सुमनताई, मला शिकवा."

म्हटलं, अगं, मी? माझ्याच आडात नाही, तुझ्या पोहऱ्यात कुठून येणार? वैद्यवहिनींना विचार, त्या न्यू यॉर्कपर्यंत जाऊन येतात. तर म्हणाली, "त्या छान चालवतात. पण त्यांच्याशेजारी मला रडता येणार नाही."

तेव्हापासून आम्ही रोज शाळेच्या पार्किंगमध्ये जातोय. लर्नर्स परमिट तिने काढलंय. मागे दोघी मुली. ती चालवते, मी शेजारी. आणि मंडळी, शेजारच्या सीटवर बसणं म्हणजे काय, हे मला आत्ता कळलं. ती वळली की माझा पाय खाली ब्रेक शोधतो. ब्रेक नाही. नुसती जमीन. घरी येते तेव्हा पोटरी दुखत असते. मास्तर आमच्या प्रत्येकीशेजारी असेच बसले असतील ना? आम्ही खांबाकडे निघालेलो असताना, हातात चहाचा कप धरून, शांतपणे? की त्यांचाही पाय दुखायचा, आणि त्यांनी सांगितलं नाही?

परवा ती पहिल्यांदा पार्किंगच्या बाहेर, मागच्या छोट्या रस्त्यावर आली. समोरून स्कूलबस. माझ्या तोंडून शब्द फुटेना. शिकवणारी मी, आणि मीच मुकी. नलिनी मात्र बोलत होती. "बस आली, बस थांबली, बसची स्टॉपची पाटी बाहेर आली, मी थांबले, मुलं उतरली." तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं त्या गाडीत मास्तर चालवताना असंच बोलायचे, ती ऐकत होती.

मी डोळे मिटून घेतले होते. कबूल आहे. मागून ताराने विचारलं, "मावशी, आर यू स्केअर्ड?" म्हटलं, हो गं, खूप. तर ती म्हणते, "इट्स ओके. डॅडी ऑल्वेज सेड यू आर हिज बेस्ट ड्रायव्हर. बिकॉज यू आर ऑल्वेज स्केअर्ड, सो यू ऑल्वेज लुक."

मला हे मास्तरांनी कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं मी समजत होते की मी त्यांची सगळ्यात वाया गेलेली विद्यार्थिनी. मी घाबरते म्हणून माझे यजमान हसतात, मुलं हसतात, तुम्ही हसता. आणि घरी, जेवताना, हा माणूस आपल्या मुलींना माझं असं कौतुक सांगत होता. मला आता त्यांना काही विचारताही येत नाही. थांबा हं जरा. पाणी द्या कुणीतरी.

हं.

नलिनीची रोड टेस्ट येत्या गुरुवारी आहे. पास होईल का? मला माहीत नाही. मी खोटा धीर देणारी बाई नाही. नापास झाली तर परत देईल. पण सुरेशदादांचं विमान उद्या आहे, आणि उत्तर त्यांना आज हवंय.

आज सकाळी आम्ही चहा पीत होतो. नलिनी म्हणाली, "आज सभेहून घरी गाडी मी नेणार." मोठ्या रस्त्याने. सुरेशदादा म्हणाले, आणि फार मायेने म्हणाले, "नलू, आजच कशाला? आजच्या दिवशी?" ती म्हणाली, "दादा, आज मी मागच्या सीटवर बसून घरी गेले, तर मी शिकागोलाच येईन. मला माहीत आहे मी कशी आहे. एकदा मागे बसले की पुन्हा पुढे येणार नाही."

दादा कपात चमचा ढवळत राहिले. माझा चहा थंड झाला.

तर मंडळी, असं आहे. तुम्हाला शांत, धीराचं काही ऐकायचं असेल तर मी ती बाई नाही. मी घाबरलेली आहे. बाहेर रविवारची गर्दी आहे. माझ्या बाजूला ब्रेक नाही. पण मी तिच्या शेजारी बसणार आहे, आणि डोळे उघडे ठेवणार आहे. सुरेशदादा, तुम्ही आणि ग्रॅनी मागे मुलींजवळ बसा. काय ते डोळ्यांनी बघा, आणि मग ठरवा.

मास्तर, तुम्हाला आमचा नमस्कार. तुम्ही इथे एकाही बाईला "तुला जमणार नाही" असं म्हणाला नाहीत.

आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहूया. मौन संपल्यावर माझ्याकडे बघू नका, मी काही बोलणार नाही. चहाला थांबा, पण लगेच गाड्या काढू नका. पहिली गाडी नलिनीची निघेल. ती उठेल, या मधल्या रांगेतून दारापर्यंत जाईल. तिला कुणी हात धरू नका. तिला वाट द्या.